रात्रीचं चियांग माई आणि आम्ही सातजणी

जेवणं उरकली असतील तर बसा. उरकली नसतील तर रेडिओ ओट्यावर ठेवा आणि हात चालू राहू द्या. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज कर्जाचे हप्ते नाहीत, मासिक बैठकीचं इतिवृत्त नाही, शेळीचं लसीकरणही नाही. आज आपण रात्रीच्या मजेबद्दल बोलणार आहोत. शहरातली पोरं ज्याला नाइटलाइफ म्हणतात, तीच.

हसू नका. रात्र आपल्याला काही नवी नाही. बाळंतिणीपाशी आपण रात्र रात्र बसतो. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं की बाकड्यावर आपणच झोपतो. रात्रीची लाइट आली की मोटार चालू करायला बॅटरी घेऊन शेतात जातो. लग्नघरात पहाटेपर्यंत पोळ्या लाटतो. जागरणाची आपल्याला सवय आहे. पण त्यातली स्वतःसाठी केलेली जागरणं किती? मंगळागौर, कोजागिरी, गौरीपुढचे खेळ. बोटांवर मोजून संपतात, आणि त्यांनाही देवाचं निमित्त लागतं.

आम्ही सातजणी मागच्या हिवाळ्यात थायलंडमधल्या चियांग माई या शहरात सहा दिवस राहून आलो. सातजणींत सगळ्यात धाकटी एकोणतीस वर्षांची आणि सगळ्यात मोठ्या काकू एकसष्ट वर्षांच्या. गटाच्या बचतीला हात लावला नाही. वेगळी भिशी लावली होती. महिना दोन हजार रुपये, दोन वर्षं, म्हणजे माणशी ४८ हजार. शिवणाचे, शेवयांचे, दुधाचे पैसे.

निघताना गावात एकच प्रश्न होता, "दौरा कसला आहे?" बाई गावाबाहेर निघाली की ती प्रशिक्षणाला, अभ्यास दौऱ्याला किंवा देवदर्शनाला चाललेली असावी लागते. आम्ही ठरवून एकच उत्तर दिलं, फिरायला. "फिरायला म्हणजे काय बघायला?" तर संध्याकाळ बघायला. त्यावर पुढे कोणाला काही विचारता आलं नाही.

थायलंड म्हटलं की आपल्याकडे पुरुषांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येतं. बँकॉक, पटायाच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, आणि त्यात बायका कशा असतात तेही ऐकलेलं असतं. चियांग माई त्याहून निराळं. बँकॉकच्या उत्तरेला साधारण सातशे किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत. रात्रीच्या रेल्वेत झोपलं की सकाळी पोहोचतो. मंगराय नावाच्या राजानं १२९६ मध्ये ते वसवलं, लान्ना राज्याची राजधानी म्हणून. चियांग माई म्हणजे नवं नगर. नाव नवं आणि वय सातशे वर्षांच्या वर. जुनं शहर चौकोनी आहे, एकेक बाजू दीड किलोमीटरच्या आसपास, आणि चारही बाजूंनी पाण्याचा खंदक. संध्याकाळी खंदकाच्या कडेनं दिवे लागतात आणि लोक काठावर नुसते बसून असतात. थाई भाषेत एक शब्द सारखा कानावर पडतो, सबाय. म्हणजे निवांत, आरामात, जिवाला बरं वाटेल असं. तिथली रात्र अशीच सबाय आहे. धांगडधिंगा हवा असेल तर तोही मिळतो, पण तो एका कोपऱ्यात. बाकी शहर चालतं, खातं, गाणं ऐकतं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला झोपतं.

आता फिरायचं कशानं? तिथं लाल रंगाच्या गाड्या आहेत, मागे दोन बाकडी टाकलेल्या. त्यांना सोंगथाव म्हणतात. सोंग म्हणजे दोन, थाव म्हणजे रांगा. आपलं वडापच की! हात केला की थांबते, कुठं जायचं ते सांगायचं, त्याच्या वाटेवर असेल तर बसायचं. उतरायचं असलं की छताला लावलेली घंटी दाबायची. जुन्या शहराच्या आसपास माणशी तीस बाथ पडले. आम्ही गेलो तेव्हा एका बाथचे साधारण अडीच रुपये होते, म्हणजे पंचाहत्तर रुपये. बसण्याआधी भाडं ठरवून घ्यायचं, एवढं आपल्याला सांगायला नको.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जुन्या शहराच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या बागेत गेलो. तिथं समोर एक बाई उभी राहून व्यायाम करून घेत होती, मोठ्यानं गाणी लावून, आणि मागे पन्नाशी-साठीच्या बायका सैल टीशर्टमध्ये हातपाय हलवत होत्या. कोणाचं पोट सुटलेलं, कोणाचा ताल चुकलेला. बघायला कोणी थांबलं नव्हतं. आमच्या काकूंनी पदर खोचला आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आमची रात्रीची मजा अशी सुरू झाली, साठीतल्या बायकांच्या कवायतीनं.

शहरात कोणत्या वारी कुठं जायचं, हे आपल्या आठवडी बाजारासारखंच ठरलेलं आहे. शनिवारी वुआलाय रस्ता, चांदीच्या कारागिरांचा भाग. रविवारी सर्वांत मोठा बाजार, थापे वेशीपासून आत राच्चदामनोएन रस्त्यावर. आणि रोज रात्री चांग क्लान रस्त्यावरचा नाइट बझार. शनिवारी-रविवारी दुपार कलली की रस्ता गाड्यांना बंद होतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत तो पायी चालणाऱ्यांचा असतो.

रविवारच्या बाजारातली एक गोष्ट आम्ही सगळ्यांना सांगतो. संध्याकाळी बरोबर सहा वाजता भोंग्यावर त्यांचं राष्ट्रगीत लागतं. गर्दीनं फुललेला रस्ता जागच्या जागी थांबतो. विकणारी थांबते, घेणारी थांबते, तोंडात घास असलेला माणूसही उभा राहतो. गीत संपलं की सगळे एकदम चालू लागतात, जणू कोणी कळ दाबली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं जमिनीवर, चटईवर, छोट्या टेबलांवर. कापूस, इंडिगोत रंगवलेले कपडे, कागदाच्या छत्र्या, साबणाची फुलं, लाकडी बेडूक. त्या बेडकाच्या पाठीवरून काठी फिरवली की तो खरंच डरांव करतो. रस्त्याच्या मधोमध दृष्टिहीन वादक एकामागे एक बसून वाजवत असतात आणि गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहते. वाटेतल्या बुद्ध मंदिरांची अंगणं त्या रात्री खाऊगल्ली होतात. एका बाजूला सोनेरी स्तूप, दुसऱ्या बाजूला तळणीचा वास.

विकणाऱ्यांत बायका भरपूर. डोंगरातल्या ह्मोंग बायकांचं भरतकाम, चांदीच्या गोंड्यांची टोपी घातलेल्या आखा बायका. त्यांच्याशी बोलायला भाषा नव्हती. मोबाइलवरचं भाषांतर आणि बोटांवर आकडे, एवढ्यावर भागलं. तिथल्या बायका वाक्याच्या शेवटी "जाओ" असं लांबवून म्हणतात, ती उत्तरेकडची आदराची बोली आहे. "सवाददी जाओ" म्हणजे नमस्कार. सवाददी हा शब्द मुळात आपल्या स्वस्तिवरून आला आहे. आम्ही हात जोडून सवाददी जाओ म्हटलं की विकणारी हसायची आणि पाच-दहा बाथ कमी करायची. कुठल्याही आठवडी बाजारात गोड बोलणं चालतंच.

आता खाण्याचं. ज्या मांसाहार करतात त्यांची चंगळ आहे. खाओ सोय नावाचा पदार्थ या शहराचा खास. नारळाच्या दुधातला मसालेदार रस्सा, त्यात अंड्याच्या पिठाच्या शेवया, आणि वर तळलेल्या कुरकुरीत शेवया. सोबत लोणच्यातली मोहरीची पानं, कच्चा कांदा, लिंबू. शाकाहारी बायकांनी मात्र सावध राहायचं. तिथं मिठाच्या जागी माशाचं पाणी सगळ्यात पडतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" असं लिहिलेलं दिसलं की तिथं मांस-मासे नसतात. आमच्यातल्या दोघी माळकरी, त्यांनी त्या अक्षराचा फोटोच मोबाइलवर काढून ठेवला होता. त्या दुकानांत कांदा-लसूणही नसतो, त्यामुळं एकादशी नसतानाही त्यांचं एकादशीचं पुण्य जमा झालं.

पण घरची आठवण खरी आली ती तीन ठिकाणी. एक, नाम प्रिक नुम. हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे निखाऱ्यावर भाजून खलबत्त्यात कुटायचे. आपला ठेचाच, फक्त त्यात बऱ्याचदा माशाचं पाणी असतं. दोन, खनोम ख्रोक. बिडाचं खळग्यांचं पात्र, त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. आपले आप्पे, पण गोडसर आणि आतून पातळ. आणि तीन, निळं सरबत. ग्लासात गडद निळं पाणी, लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळं होतं. आमच्यातली एक म्हणाली, "अगं, ही तर गोकर्णीची फुलं!" खरंच गोकर्णीची. आपल्या कुंपणावर फुकट उगवते आणि सकाळी देवाला वाहतो तीच. तिथं ती बर्फ घालून ग्लासावर विकली जाते.

शेवट गोड करायचा तर आंबा आणि चिकट भात. नारळाच्या दुधात मुरवलेला भात आणि बाजूला पिकल्या आंब्याच्या फोडी. काकूंनी पहिल्यांदा नाक मुरडलं, "भातावर आंबा?" मग आमरसात भात कालवून खाणारी माणसं कोकणात आहेत याची त्यांना आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन वाट्या मागवल्या.

खाऊन झालं की पाय. दिवसभर चाललेले पाय. बाजारात, मंदिराच्या अंगणात आरामखुर्च्यांची रांग मांडलेली असते. अर्धा तास पाय चेपून घ्यायचे शंभर-दीडशे बाथ. थाई मालिश ही तिथली जुनी विद्या आहे, युनेस्कोनं २०१९ मध्ये तिची अमूर्त वारसा म्हणून नोंद घेतली. चियांग माईत अशीही मालिशकेंद्रं आहेत जिथं तुरुंगातून सुटलेल्या बायका काम करतात. शिक्षा भोगताना त्यांना हे काम शिकवलेलं असतं, म्हणून बाहेर आल्यावर हातात कसब असतं.

त्या खुर्चीत बसल्यावर आमच्यातल्या एकीला रडू आलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, म्हणाली, इतक्या वर्षांत सगळ्यांचे पाय चेपले, माझे पहिल्यांदा कोणी चेपतंय. आम्ही कोणी काही बोललो नाही. मालिश करणाऱ्या बाईनं मान वर करून बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. मैत्रिणींनो, मजा म्हणजे खिदळणंच असं नाही. कधी कधी अर्धा तास कोणी काही मागत नाही, हीच मजा असते.

आता गाणं. जुन्या शहराच्या उत्तरेच्या वेशीजवळ, चांग फुआक म्हणतात त्या भागात, रात्रीच्या खाण्याच्या गाड्या लागतात. तिथून जवळच नॉर्थ गेट जॅझ को-ऑप नावाची जागा आहे. पुढचा भाग उघडाच. आत ट्रम्पेट, ड्रम, गिटार. आत जायला पैसे नाहीत, काहीतरी प्यायला घ्यायचं. मंगळवारी कोणीही वादक येऊन इतरांबरोबर वाजवू शकतो. ते संगीत आम्हाला आधी कळलं नाही. मग भजनातला पखवाज आणि टाळ कसे एकमेकांना जागा देतात तसं हे चाललंय, असं म्हणून बघितलं, आणि पाय आपोआप हलायला लागले. आजूबाजूला एकेकट्या बायका बसलेल्या होत्या, समोर पुस्तक किंवा ग्लास. त्यांच्याकडे कोणी टक लावून बघत नव्हतं. आमच्याकडेही नाही, आणि आम्ही तर सातजणी, चार साड्या आणि तीन पंजाबी ड्रेस.

तुम्ही विचारालच, दारू घेतली का? दोघींनी बिअर चाखली, पाचजणींनी लिंबाचं सरबत घेतलं. कोणत्या दोघी ते सांगणार नाही, गटात गोपनीयतेला महत्त्व आहे. तिथं वीस वर्षांखालच्याला दारू विकता येत नाही आणि बुद्धपौर्णिमेसारख्या दिवशी दुकानांतून ती मिळत नाही.

इथपर्यंत सगळं गोडगोड झालं. पण तेवढंच सांगून थांबलो तर ते अर्धंच सांगणं होईल.

नाइट बझारच्या बाजूला लोई क्रोह नावाचा रस्ता आहे. त्याच्या कडेला बारची रांग आहे आणि बारच्या दारात तरुण मुली बसून येणाऱ्या परदेशी पुरुषांना हाका मारतात. आमच्या मुक्कामाच्या वाटेत तो रस्ता होता. पहिल्या दिवशी आम्ही माना खाली घालून भराभर चालत गेलो. दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "आपण मान खाली का घालतोय? त्यांनी आपलं काय बिघडवलंय?" तिसऱ्या दिवसापासून आम्ही त्या मुलींना हात जोडून सवाददी जाओ म्हणत गेलो, आणि त्याही हसून हात जोडायच्या.

देहविक्रय तिथं १९९६ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि तरी उघड्या डोळ्यांना दिसतो. कायदा आणि रस्ता यांच्यामधल्या त्या फटीत बाईच अडकते. मालक पगार कापतो, सुट्टी देत नाही, आणि तक्रार करायची तर ती कोणाकडे? याच चियांग माईमध्ये २००६ साली एम्पॉवर या संघटनेतल्या बायकांनी पैसे एकत्र करून स्वतःचा बार काढला, कॅन डू बार नावाचा. तिथं ठरलेली सुट्टी, आजारपणाची रजा, सामाजिक सुरक्षा होती, आणि मनमानी कपात नव्हती. म्हणजे काम तेच, पण अटी त्यांच्या. पैसे एकत्र करून मालकाच्या तावडीतून सुटायचं, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि दूर थायलंडलाच कशाला जायचं? आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद नव्वदच्या दशकापासून हेच सांगत आली आहे. आम्ही त्या कामाचं कौतुकही करत नाही आणि निंदाही करत नाही. एवढंच म्हणतो की ज्या रात्रीत काहींची मजा असते त्या रात्रीत काहींची पाळी असते, आणि पाळीवर असलेल्या बाईला माणूस म्हणून वागणूक मिळायला हवी.

हे बाजारातल्या बायकांनाही लागू आहे. आपण आंबा-भात खाऊन अकरा वाजता झोपायला जातो, तेव्हा ती टेबल पुसत असते. डोंगरातून आलेली बाई गाठोडं बांधून रात्रीच घराकडे निघते. हॉटेलांत, बांधकामांवर म्यानमारमधून आलेले शान लोक राबतात. आम्ही बाजार करणाऱ्या बायका आहोत, म्हणून हे लगेच दिसलं. भाव करताना तोंड आपोआप आवरलं.

आणखी एक. शनिवारच्या बाजाराजवळ श्री सुफान नावाचं मंदिर आहे. त्याचं मुख्य सभागृह चांदी आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठोकून केलेल्या नक्षीनं मढवलेलं आहे. रात्री दिवे सोडले की डोळे दिपतात. पण दाराशी पाटी आहे, बायकांना आत प्रवेश नाही. आम्ही बाहेरूनच बघितलं. आमच्यातल्या एकीला शनिशिंगणापूरचा चौथरा आठवला. म्हणजे काय, तर तो काही बायकांचा स्वर्ग नाही. रस्त्यावर बाई मोकळी आहे आणि मंदिराच्या उंबऱ्याशी अडवलेली आहे. दोन्ही एकाच गल्लीत.

मग तिथल्या रात्री आम्हाला भीती का वाटली नाही? यावर रेल्वेत परतताना पुष्कळ बोलणं झालं. पोलीस फार दिसले असं नाही. आमच्या बोलण्यात तीन कारणं निघाली.

पहिलं, बायका. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, म्हाताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या. रस्त्यात दर दहा पावलांवर बाई दिसली की पाय आपोआप सैल पडतात. बाई रात्री घराबाहेर पडते ती दुसरी बाई बाहेर दिसते म्हणून.

दुसरं, दिवे आणि वाहन. बाजाराच्या टोकाला लाल गाड्या उभ्या असायच्या. परत कसं जायचं हा घोर नव्हता. आपल्याकडे संध्याकाळची शेवटची एसटी गेली की बाईचा दिवस संपतो. मजा तर सोडाच, गवारीचा उरलेला वाटा ती पडत्या भावानं देऊन टाकते, कारण गाडी चुकवून चालत नाही.

तिसरं, आणि यावर काकू सर्वांत जास्त बोलल्या, स्वच्छतागृह. बाजारात, मंदिराच्या आवारात, पाच बाथ टाकले की स्वच्छ, कडी लागणारं, आणि पाण्याचा फवारा असलेलं. आपल्या तालुक्याच्या बाजारात बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे. पाणी न पिता कोणाला मजा येते? काकूंचं म्हणणं असं, की बाईचं स्वातंत्र्य मोजायचं असेल तर संडास किती पावलांवर आहे ते मोजा.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. नोव्हेंबर ते जानेवारी जा. रात्री हवा गार असते, शाल बरोबर ठेवा. फेब्रुवारीनंतर एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगल जाळल्यामुळं धूर कोंडतो, दम्याच्या बाईनं तेव्हा जाऊ नये. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिथं लोई क्राथोंग आणि यी पेंग हे सण असतात. केळीच्या सोपटावर दिवा आणि फुलं ठेवून नदीत सोडतात, आकाशात कागदी कंदील जातात. आपण त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडतो, बहुधा तीच रात्र. त्या वेळी गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात. पासपोर्ट मुक्कामाच्या कपाटात ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलवर. मुक्कामाच्या जागेचं नाव थाई लिपीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीच्या पर्समध्ये हवी. आपला ग्लास नजरेआड सोडायचा नाही. आणि एकीला परत जावंसं वाटलं तर दुसरी तिच्यासोबत जाईल, हे आधीच ठरवायचं, म्हणजे रुसवेफुगवे होत नाहीत.

शेवटच्या रात्री आम्ही बाजार सोडून पिंग नदीकाठच्या फुलबाजारात गेलो. वरोरोत बाजाराला लागूनच आहे. तिथं बायका मोगऱ्याच्या कळ्या लांब सुईत ओवून देवाला वाहायचे हार करत होत्या. आपल्या गजऱ्यासारखेच, पण गोल, खाली गुलाबाचा नाहीतर चाफ्याचा गोंडा. आमच्यातली एक हार करण्यात पटाईत. तिनं खुणेनं विचारलं आणि सुई हातात घेतली. दोन बायका, एक मिरजेकडची आणि एक चियांग माईची, रात्री दहा वाजता एकमेकींना कळी कशी धरायची ते दाखवत होत्या. आम्ही बाकीच्या बाजूच्या पायरीवर बसून शेंगदाणे खात होतो. कोणाला घाई नव्हती. कोणाचा फोन वाजला नाही.

परत आल्यावर विचारणं झालं, "मग काय शिकून आलात?" खरं सांगायचं तर आम्ही शिकायला गेलोच नव्हतो. गोकर्णीच्या सरबताचा विचार डोक्यात आहे, नाही असं नाही. थायलंडमध्ये २००१ पासून एक तांबोन एक उत्पादन अशी योजना आहे. तांबोन म्हणजे काही गावांचा मिळून गण. आपल्याकडच्या एक जिल्हा एक उत्पादनासारखंच ते. त्यातला पुष्कळ माल त्या रात्रीच्या बाजारांत दिसतो. त्यावर पुन्हा कधीतरी स्वतंत्र बोलू. पण प्रत्येक आनंदाचा हिशेब उत्पन्नात दाखवायचा, ही सवय आता आपण थोडी सैल करूया. पुरुष संध्याकाळी पारावर बसतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही, आज पारावर काय शिकलास?

येत्या ग्रामसभेत आमचा गट तीन मागण्या लेखी देणार आहे. आठवडी बाजाराच्या जागेत दिवे, कडी लागणारं स्वच्छतागृह, आणि बाजाराच्या दिवशी शेवटच्या एसटीनंतर एक जादा फेरी, यासाठी आगाराला ग्रामपंचायतीचं पत्र. तुमच्या गावच्या गटांनीही द्यावं. एका गावाचा अर्ज फायलीत पडून राहतो, दहा गावांचे आले तर फाइल उघडावी लागते.

आणि चौथी गोष्ट आहे, तिच्यासाठी कोणाकडे मागणी करायची नाही. यंदाची कोजागिरी गच्चीवर, दाराआड न करता चावडीसमोरच्या चौकात करायची. दुधाची कढई बाहेर, खुर्च्या बाहेर, आणि गाणी आपल्या आवडीची. दूध पुरुषांनी आटवलं तर उत्तम, आम्ही ढवळायला येणार नाही. बारा वाजेपर्यंत बसायचं. कारण विचारलं तर सांगायचं, चांदणं बघतोय.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. दिवा मालवायची घाई करू नका. नमस्कार, आणि सवाददी जाओ.